'आता' आणि 'पुरे' : फ्लॅश आणि कॅमेरा यांच्या बोलण्याचा इतिहास

घरोघरच्या जुन्या अल्बममध्ये एखादा तरी फोटो असा सापडतो, की ज्याची एक बाजू छान उजळलेली असते आणि दुसरी काळीकुट्ट. लग्नाचा फोटो असेल तर नवरदेव हसताना दिसतो आणि नवरीच्या जागी नुसता अंधार. उजेड आणि अंधार यांच्यामधली रेषा मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ. असा फोटो वर्गात दाखवून कारण विचारले, तर 'फ्लॅश बिघडला असेल', 'फिल्म खराब असेल', 'मध्ये कुणाचा तरी हात आला असेल' अशी उत्तरे येतात. प्रत्यक्षात फ्लॅश, फिल्म आणि कॅमेरा हे तिन्ही उत्तम स्थितीत असतानाही असा फोटो येऊ शकतो. चुकलेली असते ती फक्त वेळ. आणि तीही सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी.

फ्लॅश आणि कॅमेरा ही मुळात दोन वेगळी यंत्रे. एक प्रकाश देते, दुसरे तो पकडते. दोघांनी एकाच क्षणी काम करायचे, तर एकाने दुसऱ्याला काहीतरी कळवायला हवे. हे कळवणे कसकसे होत गेले हे पाहिले, तर लहान मूल बोलायला शिकते तसे काहीसे दिसते. पहिली पन्नासएक वर्षे दोघांमध्ये एकही शब्द नव्हता. पुढची चाळीस वर्षे एकच शब्द होता : 'आता!' १९७५ साली दुसरा महत्त्वाचा शब्द आला : 'पुरे!' त्यानंतर मात्र पुऱ्या भाषाच तयार झाल्या. आणि भाषा अनेक झाल्या की त्यांच्या सरहद्दीही येतात.

मुका काळ

क्षणिक प्रकाशात छायाचित्र घेण्याचा पहिला नामांकित प्रयोग विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केला. 'टाइम्स' वृत्तपत्राचा छापील कागद त्यांनी एका चाकावर बसवला, चाक वेगाने फिरवले, खोलीत अंधार केला आणि कॅमेऱ्याचे भिंग उघडे ठेवले. मग लेडन जारमध्ये साठवलेल्या विजेची ठिणगी पाडली. ठिणगी इतकी क्षणिक होती की फिरत्या कागदावरची अक्षरे स्थिर असल्यासारखी उमटली. इथे कॅमेऱ्याला काही कळवण्याची गरजच नव्हती. खोलीतला अंधार हेच झाकण होते आणि ठिणगी हेच शटर.

१८८७ साली जर्मनीत अॅडॉल्फ मीटं आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांची फ्लॅश पावडर तयार केली. तिची पद्धतही हीच. भिंगाचे झाकण काढायचे, पावडर पेटवायची, झाकण लावायचे. न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांतले दारिद्र्य जगापुढे आणणारे पत्रकार जेकब रीस यांनी हीच पावडर वापरली. आधी ते ती पिस्तुलासारख्या उपकरणातून उडवत. पण मध्यरात्री पिस्तूल घेऊन घरात शिरणारा माणूस पाहून लोक घाबरत, म्हणून त्यांनी पुढे चक्क तळण्याचा तवा वापरायला सुरुवात केली. या खटाटोपात दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लागली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. दारूगोळ्याचीच ही बहीण. तिने अनेक छायाचित्रकारांचे हात भाजले आणि काहींचे प्राणही घेतले.

'आता!'

१९२९ साली जर्मनीत फ्लॅशचा बल्ब विक्रीला आला. काचेच्या फुग्यात प्राणवायू आणि अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ पत्रा. बॅटरीच्या प्रवाहाने आतली बारीक तार तापली की पत्रा क्षणात जळून जाई. धूर, राख, आवाज सगळे फुग्याच्या आत. एक बल्ब एकदाच वापरायचा आणि फेकून द्यायचा.

सुरक्षितता ही त्याची उघड सोय. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : हा प्रकाश विजेने पेटत होता. विजेने पेटणारी वस्तू म्हटली की तिला एक बटण पुरते. आणि बटण कुठेही बसवता येते, अगदी शटरच्या आतसुद्धा. १९३० च्या दशकात जर्मनीच्या इहागे कंपनीच्या एक्झॅक्टा कॅमेऱ्यात शटरशी जोडलेली फ्लॅशची खोबण आली. १९३८ साली अमेरिकेच्या युनिव्हेक्स मर्क्युरी या कॅमेऱ्याने तर वायरही काढून टाकली. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत फ्लॅश सरकवायचा, की खाचेतला धातूचा ठिपका फ्लॅशच्या तळाला टेकायचा. आजचा 'हॉट शू' तो हाच. नाव ऐकून तापलेला बूट डोळ्यांपुढे येतो, पण 'हॉट' म्हणजे इथे विजेची जोडणी असलेला, एवढाच अर्थ.

शटर उघडताना दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात, परिपथ पूर्ण होतो, फ्लॅश पेटतो. एवढेच. कॅमेरा बोलतो तो एकच शब्द, आणि फ्लॅशला उलट बोलण्याची सोय नाही.

पण 'आता' म्हणायचे तरी केव्हा? बल्बमधला पत्रा पेटून पूर्ण तेजाला पोचायला वेळ लागतो. नेहमीच्या बल्बला सुमारे २० मिलिसेकंद. शटर १/१०० सेकंदाला लावले असेल तर ते १० मिलिसेकंदांत उघडून मिटूनही जाईल, आणि बल्ब त्यानंतर झळकेल. म्हणजे शटर उघडण्याच्या आधीच 'आता' म्हणायला हवे. जेवणाची पाने मांडून झाल्यावर कुकर लावून चालत नाही, तसेच हे. म्हणून शटरमध्ये दाते-चाकांची एक छोटी विलंब-यंत्रणा बसवली गेली. आधी जोडणी, मग काही मिलिसेकंद थांबा, मग उघड. १९५० साली आलेल्या लायका ३एफ कॅमेऱ्यावर तर ० ते २० आकड्यांची तबकडीच होती. जसा बल्ब, तसा विलंब.

याच सुमारास इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पसरू लागला. त्याचे जनक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हॅरॉल्ड एजर्टन. फिरत्या विद्युतयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी १९३१ च्या सुमारास वायूच्या नळीतून लखलखाट करणारा स्ट्रोबोस्कोप बनवला. दुधाच्या थेंबाचा मुकुट झालेला त्यांचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. टॅलबटच्या ठिणगीचाच हा सुधारलेला अवतार. धारित्रात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, वीज साठवायची आणि ती झेनॉन वायूच्या नळीतून एकदम सोडायची.

इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. १००० मायक्रोफॅरडचे धारित्र ३०० व्होल्टपर्यंत भारले, तर साठलेली ऊर्जा ½CV² म्हणजे ४५ ज्यूल भरते. एक किलोचे वजन साडेचार मीटर उचलायला लागते तेवढीच. पण ती १/१००० सेकंदात बाहेर पडली, तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती ४५ किलोवॅट होते! चार पेन्सिल सेल इतकी शक्ती कधीच देणार नाहीत. ते हळूहळू भरतात आणि नळी झटक्यात उधळते. फ्लॅश भरताना येणारी बारीक शीळ म्हणजे ६ व्होल्टचे ३०० व्होल्ट करणाऱ्या परिपथाचा आवाज. (याच कारणाने बिघडलेला फ्लॅश शाळेत उघडून दाखवण्याचा मोह टाळावा. सेल काढल्यानंतरही धारित्रातला भार बराच काळ टिकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो.)

झेनॉनची नळी बल्बसारखी रेंगाळत नाही. 'आता' म्हटले की त्याच क्षणी झळकते. त्यामुळे तिला विलंब नको, शटर पूर्ण उघडताच जोडणी हवी. म्हणून कॅमेऱ्यांवर दोन खुणा आल्या. बल्बसाठी 'एम', इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी 'एक्स'. रोलिफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांवर या दोन अक्षरांची बारीक कळ असते. ती चुकून 'एम'वर राहिली, की फ्लॅश शटर उघडण्याआधीच झळकून मोकळा होतो आणि फोटो संपूर्ण काळा येतो. फ्लॅशच्या वायरसाठी जी गोल खोबण असते, तिचे 'पीसी' हे नावही शटरांवरूनच आले आहे : प्रोन्टर आणि कॉम्पुर ही दोन जर्मन शटरे. या खोबणीतली वायर ऐन वेळी सैल होण्याबद्दल प्रसिद्ध होती. लग्नात अंतरपाट दूर होत असताना छायाचित्रकाराने ती अंगठ्याने दाबून धरलेली अनेकांनी पाहिली असेल.

अर्धा काळा फोटो

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. भिंगातली पाती असलेले शटर फुलासारखे मध्यापासून उघडते, त्यात ही अडचण नसते. पण भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत शटर फिल्मच्या लगेच पुढे असते आणि ते दोन पडद्यांचे असते. पहिला पडदा सरकून फिल्म उघडी करतो. ठरलेल्या वेळाने दुसरा त्याच्या मागून सरकून ती झाकतो. पडद्यांचा सरकण्याचा वेग कायम असतो. बदलते ते दोघांमधले अंतर.

समजा, पडद्याला ३६ मिलिमीटर रुंदीची चौकट ओलांडायला सुमारे १६ मिलिसेकंद, म्हणजे साधारण १/६० सेकंद लागते. शटर १/६० वर असेल, तर पहिला पडदा दुसऱ्या टोकाला पोचतो तेव्हाच दुसरा निघतो. एक क्षण असा मिळतो, की पूर्ण चौकट उघडी असते. 'आता' म्हणायचे ते त्या क्षणी. पण शटर १/१२५ वर असेल, तर दुसरा पडदा ८ मिलिसेकंदांनीच निघतो. तोवर पहिला निम्म्यावर आलेला असतो. म्हणजे एका वेळी फक्त १८ मिलिमीटरची फट उघडी राहते. १/१००० वर ती फट जेमतेम दोन-सव्वादोन मिलिमीटर होते. फ्लॅश तर एका क्षणात झळकून संपतो. पहिला पडदा टोकाला पोचल्यावर तो झळकतो, तेव्हा निम्म्या चौकटीवर दुसरा पडदा आधीच आलेला असतो. नवरदेव उजेडात, नवरी पडद्याआड.

घरात पडून असलेला जुना फिल्मचा कॅमेरा आणि फ्लॅश मिळाला, तर हे वर्गात सहज दाखवता येते. कॅमेऱ्यात फिल्म नको. मागचे झाकण उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा हलकेच चिकटवावा. पडद्याला धक्का लागू देऊ नये. खोलीत थोडा अंधार करून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे रोखावा आणि मागून पाहत फ्लॅश उडवावा. १/३० वर कागदाचा पूर्ण आयत उजळतो, १/१२५ वर काही कॅमेऱ्यांत अर्धा, १/५०० वर नुसती पट्टी. फ्लॅशकडे थेट पाहायचे नाही, एवढे पथ्य पाळले की झाले.

उभ्या दिशेने सरकणाऱ्या धातूच्या पडद्यांनी पुढे ही मर्यादा वर ढकलली. २४ मिलिमीटरचेच अंतर कापायचे असल्याने १९६० च्या दशकात १/१२५ आणि १९८३ च्या निकॉन एफई२ मध्ये १/२५० सेकंदाला फ्लॅश वापरता येऊ लागला. मर्यादा गेली मात्र नाही.

किती प्रकाश?

'आता' या शब्दाने वेळ जुळली. पण फ्लॅशने प्रकाश किती द्यायचा, हे अजून माणसाच्या डोक्यात होते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून प्रत्येक फ्लॅशला 'गाईड नंबर' दिलेला असे. त्याला अंतराने भागले की भिंगाच्या छिद्राचा आकडा मिळे. गाईड नंबर ३२ आणि माणूस ४ मीटरवर, तर छिद्र एफ/८. लग्नातला छायाचित्रकार हा भागाकार दिवसात शेकडो वेळा, तोंडी आणि बहुधा बिनचूक करत असे. गणिताच्या शिक्षकांनी दखल घ्यावी असे हे कौशल्य!

१९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या हनीवेल कंपनीने फ्लॅशलाच डोळा दिला. फ्लॅशच्या दर्शनी भागातला प्रकाशसंवेदक समोरून परतणारा प्रकाश मोजत राही आणि पुरेसा झाला की लखलखाट तोडी. हे शक्य तरी कसे, असा प्रश्न पडतो. तीन मीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला २० नॅनोसेकंद लागतात. फ्लॅशचा पूर्ण लखलखाट सुमारे एक मिलिसेकंदाचा, म्हणजे दहा लाख नॅनोसेकंदांचा. प्रकाशाच्या हिशेबात फ्लॅश आरामात जळत असतो. मध्येच थांबवायला भरपूर सवड असते. सुरुवातीच्या फ्लॅशमध्ये उरलेली ऊर्जा एका झाकलेल्या नळीत जाळून टाकत. १९७० च्या दशकात थायरिस्टरच्या परिपथांमुळे ती धारित्रातच शिल्लक राहू लागली, आणि सेल टिकू लागले.

हा फ्लॅश हुशार होता, पण स्वतःशीच बोलत होता. भिंगापुढे गाळणी लावली आहे, भिंग दूरचे आहे, याचा त्याला पत्ता नसे. जग सरासरीने करड्या रंगाचे आहे, असे तो धरून चाले. पांढऱ्या गणवेशातल्या मुलांचा गट समोर आला, की लवकर 'पुरेसे' वाटून फोटो काळसर येई.

'पुरे!'

१९७५ साली विक्रीस आलेल्या जपानच्या ऑलिंपस ओएम-२ ने हा निर्णय फ्लॅशकडून काढून कॅमेऱ्याकडे दिला. कॅमेऱ्याचे मुख्य अभियंता होते योशिहिसा मायतानी. प्रकाशसंवेदक आता कॅमेऱ्याच्या आत, फिल्मकडे तोंड करून बसला होता. फ्लॅश झळके, प्रकाश वस्तूवरून परत भिंगातून आत येई, फिल्मवर पडे, आणि फिल्मच्या पृष्ठभागावरून उडालेला प्रकाश संवेदक मोजे. बेरीज पुरेशी झाली की बुटातल्या दुसऱ्या ठिपक्यातून कॅमेरा फ्लॅशला सांगे : 'पुरे!'

या एका शब्दाची ताकद पाहा. कॅमेऱ्याला अंतर माहीत असण्याची गरज नाही, कारण त्याचा परिणाम मोजमापात आलेलाच आहे. छिद्राचीही नाही, गाळणीचीही नाही. फ्लॅश छताकडे वळवून मऊ प्रकाश घेतला, तरी हिशेब चुकत नाही. जे फिल्मवर पोचले तेच मोजले. पांढऱ्या गणवेशाचा दोष मात्र याने गेला नाही. कॅमेरासुद्धा जग करडेच समजत होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना हीच. नंतरच्या यंत्रणा अधिक चतुर आहेत, पण इतक्या सरळ नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कॅननच्या एई-१ कॅमेऱ्यात फ्लॅशही बोलू लागला. त्याच्यासोबतचा फ्लॅश भरला की 'मी तयार आहे' असा संकेत कॅमेऱ्याला मिळे, आणि कॅमेरा आपण होऊन शटर १/६० वर नेई. अर्ध्या काळ्या फोटोचे मुख्य कारणच त्यामुळे नाहीसे झाले. १९८६ साली ऑलिंपसने उलट बाजूनेही तोड काढली : पडद्यांमधली फट सरकत असेपर्यंत फ्लॅश इतक्या वेगाने पुन:पुन्हा झळकवायचा, की तो अखंड पेटल्यासारखाच वाटावा. मग अगदी अरुंद फटही चालते, अर्थात प्रकाश बराच कमी मिळतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिपक्यांमधून नुसते 'हो-नाही' न जाता अंकीय संदेश जाऊ लागले. भिंगाचे नाभीय अंतर, छिद्र, फिल्मची गती. भिंग बदलले की फ्लॅशच्या आतली नळी पुढे-मागे सरकून झोत रुंद-अरुंद होऊ लागला. १९९५ मध्ये कॅननने झळकीच्या आधी एक बारीक चाचणी-झळक आणली. तिचा परतलेला प्रकाश मोजून किती प्रकाश लागेल ते कॅमेरा आधीच ठरवतो आणि फ्लॅशला तेवढाच आकडा कळवतो. डिजिटल कॅमेरे आल्यावर ही पद्धत जवळजवळ अपरिहार्य झाली, कारण संवेदक चकती फिल्मसारखा प्रकाश विखुरत नाही. ती चकचकीत असते, आणि तिच्यावरून उडालेला प्रकाश मोजणे भरवशाचे ठरत नाही. 'पुरे' हा शब्द त्यामुळे मागे पडला. त्याच्या जागी 'एवढाच दे' आले. स्टुडिओंमध्ये यातून एक गंमत झाली. तिथले जोडफ्लॅश मुख्य फ्लॅशचा उजेड पाहून उडणारे. ते चाचणी-झळकीलाच 'आता' समजून आधीच उडून जात!

प्रत्येकाची भाषा वेगळी

'आता' हा शब्द सर्वांचा सारखा आहे. बुटाची रुंदी आणि मधला ठिपका आंतरराष्ट्रीय मानकाने (आयएसओ ५१८) बांधलेला आहे. कोणताही साधा फ्लॅश कोणत्याही कॅमेऱ्यावर उडावा, हा त्याचा हेतू. पण बाकीचे ठिपके किती, कुठे आणि त्यांतून काय बोलायचे, हे प्रत्येक कंपनीने स्वतःपुरते ठरवले आणि बहुधा गुप्त ठेवले. मिनोल्टाने १९८८ मध्ये बुटाचा आकारच बदलला. तो वारसा पुढे सोनीकडे आला आणि सोनीने २०१२ मध्ये पुन्हा प्रमाण आकाराकडे वळून त्यात स्वतःच्या जोडण्या घातल्या. जर्मनीच्या मेट्झ कंपनीने तर फ्लॅश एक आणि पाय अनेक, अशी सोय केली. कॅमेरा बदलला की फ्लॅश तोच ठेवून नुसता पाय बदलायचा. दुभाष्या बदलण्यासारखे हे.

समान शब्दातही एक धोका दडलेला होता. मानकाने ठिपक्याची जागा बांधली, पण जुन्या फ्लॅशच्या ठिपक्यावर २०० व्होल्टहून अधिक दाब असे. धातूच्या पट्ट्यांना त्याचे काही वाटत नव्हते. पट्ट्यांच्या जागी अर्धवाहकाचे बटण आल्यावर मात्र तो दाब कॅमेऱ्याचा परिपथ जाळू शकतो. नंतरच्या मानकाने २४ व्होल्ट सोसण्याची अपेक्षा घातली. कपाटातला जुना फ्लॅश नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याआधी, तो भरून, ठिपका आणि बुटाची कड यांमधला दाब मल्टिमीटरने मोजून घ्यावा.

अलीकडे हा संवाद रेडिओलहरींवरून होतो. कॅननने २०१२ मध्ये रेडिओ असलेला फ्लॅश आणल्यापासून वायर, ठिपके, उजेडाचे इशारे यांची गरज कमी होत गेली. आणि २०१९ मध्ये आपल्याकडे ईओएस २००डी मार्क २ या नावाने विकल्या गेलेल्या कॅननच्या कॅमेऱ्यात बुटाचा मधला ठिपकाच नव्हता. कंपनीची भाषा बोलणारे फ्लॅश त्यावर चालत. नुसता 'आता' समजणारे, म्हणजे गेल्या अर्धशतकातले साधे फ्लॅश आणि स्टुडिओतले स्वस्त रेडिओ-ट्रिगर, चालत नसत. शाळेसाठी कॅमेरा घेताना बुटात मधोमध तो गोल ठिपका आहे की नाही, हे दुकानातच पाहून घेता येते.